सत्तावीस नंबर

“उठलं का रे?” सुमित्राक्कानं माझ्या खांद्यावरनं वाकून विचारलं.

“उठतंय. जरा दम धर की.”

लूमच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मधोमध एक लहान खिडकी उघडली होती. आधी काळी, मग निळी. मग त्या खिडकीत विणकरांच्या दैवताचं, मार्कंडेयाचं ते जुनं चित्र आलं, खाली कॅलेंडर छापणाऱ्या प्रेसचं नाव असलेलं. अक्कानं तोंडावर हात ठेवला.

“अगं बाई! हा तर नानांचाच कॉम्प्युटर!”

“नानांचाच. खोकं मेलं होतं, जीव काढून ह्याच्यात घातलाय.”

“म्हणजे ह्याच्या पोटात तो?”

“पोटात. ह्याला वाटतंय इथं आपण एकटेच आहोत. त्याला वाटतंय आपण अजून नानांच्या टेबलावर आहोत. दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही. आता ओळख करून द्यायची, की झालं काम.”

“किती वेळ लागेल?”

“दहा मिनिटं,” मी छातीठोकपणे म्हणालो.

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आणि संध्याकाळी पाचला मालेगावची गाडी येऊन तो लूम उचलून नेणार होती.

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरचा तो चादरींचा कारखाना. तेवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, होते एके काळी, बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागायचं. आता सगळे विकले गेले होते. जमिनीवर तेलाचे डाग आणि बोल्टांची भोकं तेवढी उरली होती. पुढच्या दाराजवळचा एकच लूम शिल्लक होता, आणि त्याच्यावर शेवटचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवलेला होता, जेमतेम दोन चादरींचा.

आणि लूमसमोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, राजमौली मास्तर बसले होते.

मास्तर म्हणजे सुमित्राक्काचे वडील, तिचे नाना. तीस वर्षं त्या कारखान्याच्या चादरींवरची नक्षी त्यांच्या हातची. आधी कागदावर चौकटी भरून, नंतर कॉम्प्युटरवर. मला ते काम त्यांनीच शिकवलं. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तोंडातनं एकच आवाज निघायचा, ‘हां’. पाणी पाहिजे तरी हां, नको तरी हां. झटका आला त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एक नक्षी पुरी केली होती. चिंचपान नाव तिचं. ती कुणी बघितली नव्हती, विणली तर नव्हतीच. नंतर बंद खोलीत त्यांचा कॉम्प्युटरही बसला.

“एक चादर, मल्लू,” अक्का फोनवर म्हणाली होती. “विकायची नाही, काही नाही. नानांच्या डोळ्यांनी एकदा बघू दे, बस. गावातल्या तिघांनी हात टेकले. तुझ्या भावाकडनं नंबर घेतला.”

मी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचो. तिनं डिस्क कुरिअरनं पाठवली, मी तिची नक्कल करून आणली आणि सुट्टी टाकून आलो. आलो ते काही निव्वळ चांगुलपणानं नव्हे. अकरा वर्षांपूर्वी त्याच कारखान्यातनं मी चोर म्हणून बाहेर पडलो होतो. मास्तरांनाही मी चोरच वाटलो का, एवढं मला जाणून घ्यायचं होतं. वाचा गेलेल्या माणसाकडनं ते कसं जाणून घेणार होतो, देव जाणे! पण आलो.

आत पाऊल टाकलं आणि लूम चालवणाऱ्या यल्लप्पानं स्वागत केलं, “आला की बे! सुमित्राक्का, नक्षी सांभाळ गं!” आणि खो खो हसला. तो सगळ्यांनाच टोचून बोलायचा. पण मला लागलं. मी मास्तरांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. कॉम्प्युटरच्या दिशेनं फिरवली असेलही. मला ते तोंड फिरवल्यासारखंच वाटलं.

तर दहा मिनिटं.

लूमच्या प्रोग्रॅमला मी सांगितलं, नानांच्या मशीनकडनं चिंचपान मागून घे. तो गोल गोल फिरत बसला आणि मग म्हणाला, असं मशीनच सापडत नाही.

“काय झालं?”

“काही नाही. बघतो.”

चूक माझीच होती. आतल्या मशीनला जोडणी देताना मी घाईत नेहमीचीच देऊन ठेवली होती. तिच्यात आतल्याला बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला आतला दिसत नाही. या कामाचा पगार घेणाऱ्या माणसानं करू नये अशी ती चूक. कपाळावर हात मारून घेतला, मशीन बंद केलं, जोडणी बदलली. दोघांच्यामध्ये त्यांची त्यांची एक खाजगी वाट काढून दिली. मग पुन्हा ते काळं, निळं, मार्कंडेय. त्यात पंधरा मिनिटं गेली. पत्र्याखाली एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं, शर्ट पाठीला चिकटला होता.

आता लूमच्या कॉम्प्युटरला नंबर द्यायचा होता. मास्तरांची एक पद्धत होती. कारखान्यातल्या प्रत्येक मशीनजवळ आणि टेबलाजवळ भिंतीवर त्यांनी स्वतः हिरव्या ऑइलपेंटनं नंबर घातला होता, आणि जो नंबर भिंतीवर, तोच नंबर नेटवर्कवर. एक त्यांचा स्वतःचा. मग लूम. पंचवीस शेठच्या केबिनचा, सव्वीस तयार मालाच्या खोलीचा. आता बाकीचं कुणी उरलंच नव्हतं म्हणून मी मनाला आला तो पन्नास टाकला आणि बाहेरनं आतल्या मशीनला हाक मारून बघितली. चार हाका मारल्या. चारही हाकांना ओ आली.

“ओ दिली अक्का! दिसायला लागले एकमेकांना!”

“नाना, ऐकलंत का?” ती मास्तरांकडे धावली. “झालं म्हणतोय मल्लू!”

“हां,” मास्तर म्हणाले.

मी पुन्हा चिंचपान मागितलं. पटकन उत्तर आलं. लाल अक्षरांत.

परवानगी नाही.

ती लाल अक्षरं मी ओळखत होतो.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मागच्या दाराजवळ माझं टेबल होतं. एका मंगळवारी मी कुणाला न सांगता पुण्याला इंटरव्ह्यूला गेलो. शेठला कळलं असतं तर नोकरी मिळायच्या आधी आहे ती गेली असती. म्हणून सकाळी कामावर आलो, कॉम्प्युटर चालू केला, खुर्चीला पिशवी अडकवली आणि मागच्या दारानं सटकलो. बघणाऱ्याला वाटावं, असेल इथंच कुठंतरी. रात्रपाळीच्या वेळी परत येऊन पिशवी उचलली, कॉम्प्युटर बंद केला. कुणाला पत्ताही लागला नाही, अशी माझी समजूत.

पंधरा दिवसांनी आमची नवी नक्षी दुसऱ्याच कारखान्याच्या चादरीवर बाजारात आली. शेठ पिसाळला. मास्तरांच्या प्रोग्रॅममध्ये नोंद सापडली. नक्षी बाहेर गेली मंगळवारी दुपारी सव्वादोनला. माझ्या टेबलावरनं.

“कुठं होतास सव्वादोनला?” शेठनं सगळ्यांच्या देखत विचारलं.

“चहाला गेलो होतो.”

“मग तुझ्या मशीनवर कोण बसलं होतं? तुझं भूत?”

मास्तर समोर उभे होते. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता हे बोलतील, म्हणतील, पोरगा असला नाही. पण एक शब्द बोलले नाहीत. चष्मा लावला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर गोंधळ. केबिनमध्ये, मालखोलीत, जिथं बघावं तिथं लाल अक्षरं. मास्तरांनी सगळे दरवाजे बंद केले होते. पेनड्राइव्हची भोकंसुद्धा एम-सीलनं बुजवून टाकली होती. मी माझा कॉम्प्युटर चालूही केला नाही. पुण्याचं पत्र खिशात होतं. पिशवी उचलली आणि त्याच मागच्या दारानं गेलो. चोर पळाला, असं आमचा सगळा विणकरांचा पूर्व भाग म्हणत होता म्हणे. म्हणू दे. मला राग होता तो एकट्या मास्तरांचा.

“मल्लू, लाल काय आलंय ते?” अक्कानं विचारलं.

“नानांचं कुलूप आहे. प्रोग्रॅम फक्त ओळखीच्या मशीनलाच नक्षी देतो.”

“मग ओळखीचं कर की ह्याला.”

“त्याला नानांचा पासवर्ड पाहिजे.”

दोघंही मास्तरांकडे बघायला लागलो. मास्तर डावा हात उचलून कारखान्याच्या मागच्या बाजूला बोट दाखवत होते.

“हां. हां.”

“ऊन लागतंय का, नाना? तिकडं नेऊ?” अक्का म्हणाली. मग मला, “मागच्या दाराशी वारा लागतो बघ. तू गेल्यावर नाना दिवसातनं दोन-तीनदा तिथंच जाऊन बसायचे. नक्षी पाठवायची झाली तरी इथलं सोडून तिथं. पंखा असताना तिथं काय, म्हणून मी चिडायची.”

मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं डोकं पासवर्डमध्ये होतं. अक्काचं नाव घातलं. गावचं नाव घातलं. मार्कंडेय घातलं. तीनदा चुकलं, आणि प्रोग्रॅमनं बजावलं की आता एकदा चुकलात तर कायमचं बंद. मी हात झटकन मागे घेतला.

मग राहिला एकच उपाय. लूमच्या कॉम्प्युटरचा नंबर बदलत जायचा, आणि प्रोग्रॅम कुणाला ओळखतो ते बघायचं. दोन घातला. लाल. तीन. लाल. प्रत्येक वेळी नंबर बदला, जोडणी पुन्हा लावा, हाक मारा, नक्षी मागा. लाल. लाल. तेवीस लूम झाले तोवर एक वाजून गेला होता. यल्लप्पा डबा खाऊन, हात धुऊन आला.

“काय करलालास बे अजून? दहा मिनिटं म्हणालतास की.”

“तू तुझा लूम बघ.”

“बघतोय की. पाचला चाललाय तो मालेगावला, म्हणून विचारलालो.”

पुण्याहून साहेबांचा फोन आला, सर्व्हर अडकलाय, कधी येतोस. मी काहीतरी बोलून ठेवून दिला. शेठच्या केबिनचा पंचवीस घातला. कुणाला नसली तरी मालकाला परवानगी असेल, असं वाटलं होतं. लाल! मास्तरांनी मालकालाही बाहेर ठेवलं होतं. सव्वीस. लाल.

मग मी अठ्ठावीस घातला.

कशाला खोटं सांगू, मधला नंबर विसरलो नव्हतो. तो माझा होता. ज्या नंबरावरनं चोरी झाली तो कोण उघडा ठेवील? आणि माझ्याच नंबरापुढं ती लाल अक्षरं आलेली मला बघवली नसती. एकोणतीस, तीस, एकतीस. खुर्चीत बसवेना. उठायचो, लूमला एक फेरी मारायचो, पुन्हा बसायचो. अक्का माझ्यासाठी ताक घेऊन आली, ते तसंच राहिलं. आणि मास्तरांचं चालूच होतं. हात उचलायचे, मागं बोट दाखवायचे, हात थकला की खाली पडायचा, पुन्हा उचलायचे. “हां. हां.” अक्कानं पाणी दिलं, टॉवेलनं मान पुसली, खुर्ची उचलून मागच्या दाराशी नेऊ का म्हणून यल्लप्पाला हाक मारली, तर खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. जायचं नव्हतं त्यांना. नुसतं दाखवायचं होतं. आणि दाखवताना बघत होते ते माझ्याकडे.

अडीच वाजता माझं डोकं फिरलं.

“अक्का, कळत नाहीये का तुला? दार दाखवतायत ते मला!”

“काहीतरीच काय बोलतोस!”

“सकाळपासनं दाखवतायत. मी त्यांच्या मशीनला हात लावलेला नकोय त्यांना. ज्या दारानं गेलास त्या दारानं पुन्हा जा म्हणतायत. बरोबर आहे! चोराकडनं कोण काम करून घेईल?”

“मल्लू!”

“तू दुसरा माणूस बघ. माझ्यानं होत नाही.”

पिशवी उचलली आणि ताडताड निघालो. अकरा वर्षांनी पुन्हा तेच, पिशवी आणि मागचं दार. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून वळूनही बघितलं नाही. कडीला हात घातला तर कडी गंजलेली, निघेना. तेवढ्या झटापटीत बाजूच्या भिंतीवर नजर गेली.

तिथं माझं टेबल होतं. टेबल विकलं गेलं होतं, पण त्याच्या पायांचे चार चौकोन फरशीवर स्वच्छ दिसत होते. आणि वर भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटनं, मास्तरांच्या गोल अक्षरात, २७. बाकी सगळ्या भिंतीवरचे नंबर उडाले होते, धुरकटले होते. हा ठसठशीत होता. वरनं कधीतरी पुन्हा रंग फिरवलेला असावा.

मी मागं वळलो. लांब पुढच्या दाराजवळ मास्तर खुर्चीत पुढं वाकून बसले होते, हात अजून उचललेला. तिथनं नीट दिसलं. बोट मागच्या दाराकडे नव्हतं. दाराच्या हातभर अलीकडे होतं, मी उभा होतो तिथं. आणि मी थांबून त्यांच्याकडे बघतोय हे दिसल्यावर त्यांनी हात सावकाश मांडीवर ठेवला.

“हां,” ते म्हणाले.

परत आलो. खुर्चीत बसलो. अक्का काही विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. नंबराच्या जागी दोन टाकला, सात टाकला. घाईत पहिल्यांदा सत्त्याहत्तर पडलं. पुसून पुन्हा घातला. हाक मारली. ओ आली. नक्षी मागितली.

लाल अक्षरं आली नाहीत. एक लांबच लांब यादी खाली उतरत गेली. कोयरी, गोपुर, हत्तीपाय, रुईफूल, शेकडो नावं. मास्तरांची सगळी हयात. सगळ्यात शेवटी चिंचपान.

“अगं बाई, उघडलं!” अक्का किंचाळली. “यल्लप्पा, उघडलं रे!”

मी ते बंद केलं.

“आं? काय करलालास बे?” यल्लप्पा धावत आला. “उघडलं तर घे की! खेळ मांडलाय काय?”

मला खात्री करायची होती. नंबर पुन्हा अठ्ठावीस केला, नक्षी मागितली. लाल. सव्वीस. लाल. पंचवीस, शेठचा. लाल. पुन्हा सत्तावीस केला. यादी आली. सगळ्या कारखान्यात फक्त एका टेबलाला परवानगी होती. मास्तरांनी ज्या दिवशी सगळ्यांना दारं लावली, त्या दिवशी माझं एक उघडं ठेवलं होतं. आणि मी तो कॉम्प्युटर चालूसुद्धा न करता निघून गेलो होतो. नक्षी काढायला ते माझ्या टेबलाशी जाऊन बसायचे ते वाऱ्यासाठी नव्हे. स्वतःसाठीही त्यांनी दुसरा नंबर उघडला नव्हता.

“घेतो,” मी म्हणालो. “घेतो रे. थांब जरा.”

साडेतीनला लूम सुरू झाला. रिकाम्या कारखान्यात तो एकटा लूम केवढा वाजत होता! यल्लप्पाची थट्टा बंद झाली, तोंडातली तंबाखू थुंकून तो हातभर अंतरावर डोळे लावून उभा राहिला. काठ निघाला, मग हळूहळू पानं उमटायला लागली. हिरव्यावर पिवळी, बारीक बारीक, जोडीजोडीनं. अक्का पदर तोंडाला लावून बघत होती.

मी मास्तरांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो. त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं, लूमच्या आवाजात मोठ्यानंच बोलावं लागलं.

“मास्तर, त्या दिवशी मी चहाला नव्हतो गेलो.”

त्यांनी लूमवरची नजर काढली नाही.

“त्या मंगळवारी. सव्वादोनला मी इथं नव्हतोच. पुण्याला इंटरव्ह्यूला गेलो होतो. कॉम्प्युटर चालू ठेवून, खुर्चीला पिशवी लावून. माझ्यामागं कुणीतरी बसलं असणार तिथं. मी चोरी नाही केली मास्तर. पण खोटं बोललो. तुमच्यासमोर खोटं बोललो.”

“हां,” मास्तर म्हणाले.

“पुण्याला?” अक्का मागनं म्हणाली. ती ऐकत होती हे मला माहीत नव्हतं. “मंगळवारी? अरे, मग तो फोन...”

“कुठला फोन?”

“पुण्याच्या कंपनीचा. मल्लेश येमुल तुमच्याकडं काम करतो का, मुलगा कसा आहे, आत्ता आमच्यासमोर बसलाय, म्हणून विचारत होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आला होता. शेठ नव्हता, नानांनीच घेतला. घरी येऊन मला म्हणाले, मल्लू चालला बघ पुण्याला. मी सांगितलं त्यांना, डोळे झाकून घ्या म्हणून.” तिनं मास्तरांकडे बघितलं. “आणि म्हणाले, कुठं बोलू नकोस, त्याचं काम अडेल. तो स्वतः येऊन सांगेल. बरेच दिवस विचारायचे मला, मल्लू आलता का गं.”

म्हणजे शेठ विचारत होता तेव्हा समोर उभ्या असलेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं मी कुठं होतो ते. ते बोलले असते तर मी सुटलो असतो, पण पुण्याची गोष्ट फुटली असती, आणि पत्र तर अजून हातात पडायचं होतं असं त्यांना वाटत असणार. म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, की हा सांगेल आता. आणि मी चहाची टपरी सांगितली.

“तू आलास, पण अकरा वर्षांनी,” अक्का म्हणाली. रागानं नाही, नुसती म्हणाली. तेच जास्त लागलं. मास्तरांच्या मांडीवर कपाळ टेकवून मी रडलो. त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला. जड हात, पूर्वी नक्षीत एक चौकट चुकली की टपली मारायचा तोच.

सव्वाचारला यल्लप्पानं चादर कापून आणली. मास्तरांच्या मांडीवर पसरली. त्यांनी सरळ बाजूकडे बघितलंही नाही. एका हातानं धडपडत ती उलटी केली आणि मागच्या बाजूचे धागे बोटांनी चाचपत गेले, काठापासून काठापर्यंत. चांगला विणकर आधी मागची बाजू बघतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. सगळं बघून झालं तेव्हा चादर सुलट केली आणि डोळे मिटून घेतले.

“काय मास्तर, पास का नापास?” यल्लप्पानं विचारलं.

“हां,” मास्तर म्हणाले, आणि त्या वेळी तो होकार होता हे लहान पोरालाही कळलं असतं.

पाचच्या आधीच गाडी आली. दोन माणसं पाने घेऊन उतरली आणि लूमचे बोल्ट सोडायला लागली. आम्ही मास्तरांची खुर्ची बाजूला घेतली. अक्का म्हणाली, “रिक्षा बोलावते, घरी जाऊ, जेवूनच जा तू,” आणि मोबाइल शोधायला लागली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मास्तर त्याच दिवाळीत गेले. ती चादर अक्काकडे आहे, कपाटात, कुणाला पांघरू देत नाही. ती नक्षी त्या मंगळवारी माझ्या टेबलावरनं चोरली कुणी, हे मला अजून माहीत नाही. शोधायचं म्हणतो आणि राहून जातं. पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

रिक्षाची वाट बघत होतो. बोल्ट निघत होते. मास्तरांनी पुन्हा डावा हात उचलला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

“वारा पाहिजे का, नाना?” अक्कानं विचारलं.

“नाही अक्का,” मी म्हणालो. “मला सांगतायत.”

मी उठलो, सगळा रिकामा कारखाना ओलांडून गेलो आणि त्या चार चौकोनांच्या मधोमध, सत्तावीस नंबराखाली, मांडी घालून बसलो. तेव्हा कुठं त्यांनी हात खाली घेतला.